परत पाठवलेलं दूध

१० फेब्रुवारी, रविवार

उपासनेला बरी हजेरी. शिमोन आला. माझा धाकटा भाऊ. परळीहून बायको, लेकरं आणि दोन जर्सी गाई टेम्पोत घालून. तिथल्या थर्मल वीजकेंद्राला पाणी नाही, संच बंद, कंत्राटी माणसं घरी पाठवली. असं तो म्हणतो. मागच्या बाकावर बसला आणि गीत एवढ्या मोठ्यानं म्हटलं की पेटीवाल्याचा सूर चुकला.

याला काय पाहिजे? अकरा वर्षांत प्रभुभोजनाखेरीज एक दिवस गावात राहिला नाही. आता गाईंसकट आला म्हणजे काहीतरी धरून आला आहे.

सौ. म्हणाली, "त्याचं घर हाय इथं. दुसरं काय पाहिजे असंल?"

तिला सगळं सोपं वाटतं. आमचं बोलणं नाही हे साऱ्या मंडळीला माहीत. आईच्या दफनाला मी त्याला माती टाकू दिली नाही. थर्मलची रविवारची पाळी धरून सहा महिने उपासना बुडवली होती त्यानं, नाव पटावरून कमी झालं होतं. मी मंडळीचा चिटणीस. नियम होता, पाळला. तो कुंपणाबाहेर उभा राहिला शेवटपर्यंत. पुढे नाव पटावर परत घेतलं, आणि तेव्हाच्या पाळकांनी एक तोड काढली. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी तयारीची सभा असते. ज्यांचं वाकडं आहे त्यांनी तिथे सगळ्यांदेखत एकमेकांना सलाम करायचा, मग दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनाच्या मेजावर यायचं. आम्ही वर्षातून चारदा करतो. तो सलाम म्हणतो, मी सलाम म्हणतो, हातात हात, रजिस्टरला नोंद. मग तीन महिने निवांत.

१३ फेब्रुवारी, बुधवार

लेंट सुरू, ईस्टरपर्यंतचे उपास. दिवसभर काही नाही, सूर्य बुडाल्यावर चहा, मग जेवण. विसाव्या वर्षापासून पाळतो आणि कुणाला सांगत नाही. (पाळकसाहेबांना माहीत आहे. सौ.नं सांगितलं असणार.)

डेअरीत शि. पहिल्यांदा दूध घेऊन आला. सोसायटीत परीक्षक मी. लॅक्टोमीटर, फॅट, नोंद, सगळं माझ्या हातात. नव्या सभासदाला नाव विचारायचं असतं, विचारलं. "नाव?" त्यानं बापाच्या नावासकट, गाव-तालुक्यासकट सांगितलं, वर "जिल्हा बीड" जोडलं. मागून लिंबाजी म्हणाला, "बाप येकच हाय ना बे दोघांचा? मग इचारतो कावून?" सगळे हसले. मी हसलो नाही.

डिग्री २८. फॅटही चांगलं. असल्या दुष्काळात, चारा-छावणीतल्या गाईंचं? नजर ठेवायला हवी.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

छावणीत ऊस आणि उसाचं वाढं (शेंड्याचा पाला), दुसरा चारा नाही. सगळ्यांचं दूध पातळ पडायला लागलं. २७, २६. पाली गावाकडची माणसं सांगतात, तिथल्या धरणात गाळ दिसतो, पायी पलीकडे जाता येतं. लिंबाजी रोज ऐकवतो, "प्यायला पानी न्हाई, दुधात कोन घालंल?" मीटरला सांग म्हणतो मी.

दुपारी चेअरमन आले. दार लोटून म्हणाले, "सव्वीसपोत्तर घेत जा. साल लई वाईट हाय. परत करू नका कुनाचं." कागदावर द्या म्हटलं. "दर गोष्टीला कागद कावून पाहिजे तुमाला?"

बरं म्हटलं. भिंतीवरचा बोर्ड मात्र तसाच आहे. २८ च्या खाली दूध परत.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

शि.चं दूध २७. परत केलं. बोर्ड दाखवला. तो बोर्डाकडे बघत राहिला, मग कॅन उचलली आणि निघाला. भांडला असता तर मनात काय आहे ते कळलं असतं. न भांडणारा माणूस मला जास्त धोक्याचा वाटतो.

त्याच्या पुढे लिंबाजीचं २६ घेतलं होतं. ते वेगळं. लिंबाजी गरीब आहे.

२४ फेब्रुवारी, रविवार

शि. गैरहजर. चाऱ्याच्या रांगेत होता म्हणे, आज वाटप होतं. रजिस्टरला गैर लिहिलं. पा.सा. म्हणाले, "चिटणीस, यंदा ते रजिस्टर जरा बाजूला ठेवू या का?" यंदाच का? शि. आला तेव्हापासून पा.सा.ना असल्या कल्पना सुचतात. दोनदा त्याच्या ओट्यावर चहा पिताना पाहिलं मी त्यांना. भर लेंटमध्ये, दुपारी बारा वाजता.

पाळक तरुण आहेत, समजेल हळूहळू. पण नोंद ठेवावी असं वाटलं म्हणून लिहिलं.

२ मार्च, शनिवार

या आठवड्यात शि.चं दूध चारदा परत. २७, २७, २६, २७. तरी रोज येतो. रोज रांगेत उभा राहतो, कॅन पुढे करतो, मी मीटर सोडतो, मान हलवतो, तो कॅन उचलतो. माणसाला लाज तरी वाटते किंवा राग तरी येतो. याला दोन्ही नाही.

आणि ते दूध जातं कुठे? हमरस्त्यावरच्या हॉटेलवाल्याला सहज विचारलं. त्याच्याकडे नाही. खवा लावतात म्हणावं तर सरपण कुठलं? काहीतरी चाललं आहे.

संध्याकाळचा चहा मात्र झकास झाला. दाट, साय धरणारा. दिवसभराच्या उपासावर असा चहा म्हणजे डोळे मिटतात. सौ.ला विचारलं दूध कुठलं. "गल्लीतलं." डेअरीतला थेंब घरी आणायचा नाही हा माझा नियम तिला माहीत आहे, तेव्हा ते नसणार. बरं दूध आहे म्हटलं. ती चुलीकडे तोंड करून भाकरी थापत राहिली.

१० मार्च, रविवार

कळलं असं वाटतं. ईस्टरनंतर सोसायटीची निवडणूक आहे. शि. उभा राहणार. रोज दूध परत नेताना सारी रांग बघते, हळहळते. फुकटचा प्रचार, तोही माझ्या हातून! केवढं डोकं!

चेअरमनना आडून विचारलं. ते म्हणाले, "तुमचा भाऊ? त्याला सभासद होऊन म्हैना न्हाई झाला. उभा कसा ऱ्हाईल?" हे खरं आहे. नियम मलाच माहीत असायला हवा होता.

मग आईच्या घराची वाटणी? पण तीही मिटलेली आहे.

पा.सा. उपासनेनंतर थांबले. "भावाशी बोललात का?"

"२७ तारखेला बोलेन. तयारीच्या सभेत."

ते हसले, पण लगेच थांबले. "सलाम केला की झालं का हो सगळं?"

"नियमात तेवढंच आहे," म्हटलं. मग त्यांनी टँकरचा विषय काढला.

१५ मार्च, शुक्रवार

लिहायला हात धजत नाही, पण लिहितो.

चहाच्या दुधावरची साय पाहून शंका आली की सौ. डेअरीतूनच कुणाकरवी दूध आणते. म्हणून डेअरीतला जादा लॅक्टोमीटर खिशात घालून आणला. ती शेजारी गेली तेव्हा पातेल्यातलं कच्चं दूध उंच भांड्यात ओतलं आणि सोडला. २७. तेवढ्यात ती दारात.

"सत्तावीस ना?" ती म्हणाली. "मग करा परत."

मी मीटर बाहेर काढला.

"शिमोनभावजींचं हाय. तुमी सकाळी परत केलं की वाटंत तांब्याभर देऊन जातात. 'वहिनी, दादाचा उपास हाय, सांच्याला चहा चांगला करा त्याला.' बाकीच्याचं आमची जाऊ सुनंदा दही लावती."

तीन आठवडे! तीन आठवडे मी सकाळी ते दूध नाकारतो आणि संध्याकाळी डोळे मिटून पितो. आणि वर बरं दूध आहे म्हणतो. सारी गल्ली हसत असणार.

फार राग आला. तिचा, त्याचा, चहाचा. "उद्यापासून कोरा," म्हटलं. ती म्हणाली, "आजचा झालाय, ह्यो घ्या." प्यायलो. तेही लिहून ठेवतो.

उपकाराखाली आणतोय मला. सलामाच्या दिवशी मान खाली घालायला लावील. आता कुठे उलगडा झाला.

१६ मार्च, शनिवार

कोरा. घशाखाली उतरेना.

१८ मार्च, सोमवार

दूध घातलेला. प्यायलो. सकाळी शि.चं दूध परत केलंच. घरच्या चहासाठी डेअरीचा नियम बदलायचा का?

२४ मार्च, रविवार

झावळ्यांचा रविवार, आणि गावात हिरवी झावळी नाही. लेकरांच्या हातात काय द्यायचं म्हणून पा.सा. काळजीत. शि. उसाच्या वाढ्याची पेंढी खांद्यावर टाकून आला. लेकरांनी तीच हलवत फेरी काढली. उपासना संपल्यावर बाहेरच्या शेळ्यांनी सगळी झावळी खाऊन टाकली. मला हसू आलं, दाबलं.

छावणीतला चारा बाहेर न्यायला बंदी आहे. हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मी लिहून ठेवतो.

२७ मार्च, बुधवार

धुळवड. रंग कोरडेच, कुणी पाण्याचं नाव काढलं नाही.

चार वाजता तयारीची सभा. पा.सा.नी दरवेळसारखं विचारलं, कुणाचं कुणाशी वाकडं आहे का. मी उठलो, इस्त्रीचा सदरा, हात पुढे. मनात तयारी केली होती, दुधाचा विषय काढलाच तर काय उत्तर द्यायचं.

शि. उठला. हात पुढे केला नाही.

"मी यंदा सलाम करनार न्हाई," तो पा.सा.ना म्हणाला. "अकरा वर्सं केले ते समदे खोटे व्हते. माज्या मनात दादाइषयी राग हाय. आईच्या मातीचा. हात मिळवून तो जात न्हाई, मी लई बार बघितलं. म्हनून उद्या मी मेजावर येनार न्हाई. बाकी काय न्हाई."

बसला. मी हात पुढे करून उभाच. खाली कसा घ्यावा तेच कळेना.

पा.सा. म्हणाले, "चिटणीस, तुमचं?"

"माझं काही नाही. मी सलामाला तयार आहे. रजिस्टरला तसं लिहितो."

नियमाप्रमाणे तो बाहेर आणि मी आत. कागद स्वच्छ आहे. पण सगळे माझ्याकडे असं बघत होते की जणू मीच नाही म्हटलं. हेच हवं होतं त्याला. सगळ्यांसमोर मला उघडा पाडायचं होतं.

आणि दूध? राग आहे तर दूध का देतो? रागावलेला माणूस चहाला दूध देतो का? इथे मला काही बसवता येत नाही.

२८ मार्च, गुरुवार

सकाळी डेअरीत तो आला नाही. रांग होती तशीच. २६, २७, २६, २६. सगळ्यांचं घेतलं. बोर्ड समोर होता.

मागची पानं चाळली. लिंबाजी गरीब आहे असं लिहिलंय मी. लिंबाजीच्या दारात ट्रॅक्टर उभा आहे. महिनाभरात २८ च्या खालचं दूध मी एकाच माणसाचं परत केलं. चेअरमननी कुणाचंच परत करू नका म्हटलं होतं. हे पहिल्यांदा लिहितोय. माहीत नव्हतं असं नाही.

घरी येऊन पेटी उघडली. मंडळीच्या नियमांचं जुनं पुस्तक काढलं. काल त्यानं मातीचं नाव काढलं म्हणून नियम दाखवावा, पा.सा.च्या हातात द्यावा, असं मनात होतं. पान सापडलं. पटावरून नाव कमी झालेल्याला प्रभुभोजन नाही. मत नाही. पंच होता येत नाही. मातीबद्दल एक अक्षर नाही. पुढचं मागचं पान पाहिलं. सगळं पुस्तक पाहिलं, चष्मा पुसून परत पाहिलं. नाही.

मग त्या दिवशी मी कुठून बोललो? आई समोर, शि. हातात ढेकूळ घेऊन वाकलेला, आणि मी म्हणालो, "थांब. तुला नियम नाही." मला तसं खरंच वाटत होतं का? आठवायचा प्रयत्न केला. आठवतं ते एवढंच की आई शेवटचे आठ दिवस त्याचंच नाव घेत होती. उशाशी मी होतो. पाणी मी पाजत होतो. आणि ती विचारायची, शिमोन आला का.

रडलो. या वयात. सौ.नं पाहिलं.

संध्याकाळी प्रभुभोजन. भाकरीचं ताट मीच फिरवतो. बाहेर लिंबाखाली शि. बसला होता, खिडकीतून दिसत होता. आत गीत सुरू झालं तसं बाहेरून त्याचाही आवाज यायला लागला, तोच तो मोठा. ताट सगळीकडे फिरवून शेवटी मी घ्यायचं असतं. घेतलं नाही. मेजावर ठेवून दिलं. पा.सा.नी पाहिलं.

रजिस्टरला माझ्या नावापुढे हजर लिहू की गैर, कळलं नाही. कोरं ठेवलं.

३१ मार्च, ईस्टर

उजाडताना दफनभूमीत उपासना. मेणबत्त्या, गीत. आईच्या कबरीला भेगा पडल्या आहेत, बोट जाईल एवढ्या. शि. कुंपणाबाहेर, त्याच जागी. आता नाव पटावर आहे, कुणी अडवलेलं नाही, तरी बाहेर. बायको-लेकरं आत.

लोक पांगल्यावर आईच्या कबरीची मूठभर माती घेतली आणि कुंपणापाशी गेलो. काय बोलायचं ठरवलं होतं ते सगळं गेलं.

"पुस्तकात नव्हतं, शिमोन. मातीचं काही नव्हतं."

"म्हाईत हाय मला, दादा."

अकरा वर्षांनी दादा. मी विचारलं, कधीपासून?

"त्याच दिशी. तवाच्या पाळकसायबांनी मागून सांगितलतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुला म्हाईत न्हाई आसं वाटलंच न्हाई मला."

माती पुढे केली. मी चुकलो म्हटलं. हे शब्द बोललो, एवढं नक्की, कारण त्यानं मान हलवली. पण हात पुढे केला नाही.

"आत्ता न्हाई, दादा. आत्ता घेतली तर त्यो बी सलामच हुईल. ठिव तुझ्यापाशी. मनापासून वाटलं तर मागून घीन."

माती रुमालात बांधून आणली. आत ये म्हणायचं राहिलं. तेच आधी म्हणायला हवं होतं, ते घरी आल्यावर सुचलं.

दूध का दिलंस हेही विचारायचं राहिलं.

१ एप्रिल, सोमवार

डेअरीत आला. २७. रांगेला ऐकू जाईल असं म्हणालो, "सगळ्यांचं २६ पासून घेतो आहे. याचं एकट्याचं परत करत होतो. चूक माझी." चेअरमन दुपारी येऊन तडकले, सव्वीसचं बाहेर कावून सांगितलं म्हणून. सांगितलं खरं.

शि.नं दूध ओतलं, पावती घेतली, गेला. माझ्याकडे पाहिलं नाही. की पाहिलं? मी मीटर पुसत होतो. रुमाल मीटरच्या खणात ठेवला आहे. तो खण दिवसातून चाळीसदा उघडतो. आज उघडताना शि. तिकडे बघत होता असं वाटलं, खात्री नाही. मागेल का? कधी? का मला आयुष्यभर खण उघडायला लावणार आहे? बघा, पुन्हा तेच सुरू झालं माझं.

२ एप्रिल, मंगळवार

आजही त्याचं दूध घेतलं. २७. आज तो कॅन ठेवून जाताना एवढंच म्हणाला, "कॅन धुवून ठिव."

पाच वाजता सौ.नं चहा दिला. कोरा.

दूध कुठे म्हटलं. ती म्हणाली, "तुमी डेअरीत घेतलं की समदं. आता परत येतंच न्हाई तर भावजी वाटंत काय देतील?"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आता नियमानं वागलो, सगळ्यांना एक माप लावलं, आणि चहा कोरा झाला. नियमानं येणारं दूध ते नव्हतंच.

सांच्याची धार तो घरच्या लेकरांसाठी ठेवतो. सौ. म्हणाली, "लागत असंल तर जाऊन मागा. मी न्हाई जानार."

मी जन्मात कुणाच्या दारी काही मागायला गेलेलो नाही. त्याच्या तर ओट्यावरही चढलो नाही अजून. गेलो आणि नाही म्हणाला तर? गेलो आणि दिलं, पण सुनंदासमोर, उपकार केल्यासारखं दिलं तर? किंवा त्याला वाटलं की दादा दुधाचं निमित्त करून माती घेऊन आला, तर?

सौ.नं तांब्या घासून उंबऱ्यात ठेवला आहे. मी इथे बसून लिहितोय आणि तो दिसतो आहे. साडेपाचला त्याची धार असते. पाच वीस झाले.